भूल दिल्यावर पुढचं कुणी बघितलंय?

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो रॉबिन कुकच्या ‘कोमा’वरून. कादंबरी 1977 ची. तिचा मराठी अनुवाद सुऱ्यानं वाचनालयातून आणला होता आणि रात्र जागून संपवला होता. बॉस्टनच्या दवाखान्यात धडधाकट माणसं किरकोळ ऑपरेशनला जातात आणि शुद्धीवरच येत नाहीत. (वाचायची असेल त्यानं इथंच थांबावं, पुढं रहस्य फुटणार आहे.)

“ऑक्सिजनऐवजी दुसराच गॅस देऊन मुद्दाम तसं करतात, अवयव विकायला,” सुऱ्या म्हणाला.

प्रमोद ऑपरेशन थिएटरात टेक्निशियन. तो उखडलाच. “काय बोलायलास रे? सिलिंडरच्या तोंडाला ठरावीक भोकं असतात, मशीनवर त्याच जागी पिना. ऑक्सिजनच्या जागी दुसरा गॅस बसतच नाही.”

“सिलिंडरला कोण हात लावतंय? पाइपातनंच कार्बन मोनॉक्साइड सोडतात की!”

प्रमोद जरा थांबला. मग त्यालाच राहवेना. हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो, म्हणाला. रक्त लालभडकच राहतं. आज आपण बोटाला लावतो ते साधं ऑक्सिमीटरही फसतं, आकडा चांगला दाखवतं आणि तिकडं मेंदू उपाशी मरतो.

बसू चहाचा कप तसाच धरून ऐकत होता. मला विचाराल तर या जातीच्या कादंबरीची सगळी ताकद इथं आहे. भुताला आपण घाबरत नाही, घाबरलो तर पळता येतं. इथं आपण स्वतः सही करून, दागिने काढून टेबलावर झोपतो.

“आईच्या ऑपरेशनला फॉर्म कन्नडमध्ये होता,” सुऱ्या म्हणाला, “न वाचताच सही केली.”

“मला कन्नड येतंय. मी तरी कुठं वाचलंय?” बसू म्हणाला. “डॉक्टर घाईत, आपण घाबरलेले.”

प्रमोदचा खरा राग वेगळाच होता. असली पुस्तकं वाचून लोक अवयवदानाला नाही म्हणतात. “1994 चा कायदा आहे. मेंदू मेला असं चार डॉक्टरांच्या मंडळानं ठरवायचं. सगळ्या तपासण्या दोनदा, मध्ये निदान सहा तास. तुझ्या कुकला सांग जा!”

“कुक स्वतः डोळ्यांचा डॉक्टर आहे. त्याला काय सांगणार?”

प्रमोदचं दुखणं खोटं नाही. पण नाही म्हणणाऱ्या सगळ्यांनी काय कादंबऱ्या वाचल्यात? आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसाला आत काय चाललंय ते कुणी धड सांगत नाही, भीती तिथं तयार होते. कुकनं ती फक्त ओळखली.

शेवटचा पाठलाग मात्र मला रटाळ वाटला. नळीतला वायू सापडेपर्यंत श्वास अडकतो. मारेकरी मागं लागला की नेहमीचा सिनेमा. सुऱ्याला हे मुळीच पटलं नाही. प्रमोदला पटलं, म्हणजे गड्यानं पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं होतं.