चमचा पुढे नेणं थांबवलं तेव्हा फरक पडला
लहान मुलांच्या खाण्याच्या तक्रारींसाठी पालकांना आता ऑनलाइन ट्रेनिंग मिळतं, हे वाचून खूप बरं वाटलं कारण आम्ही यातूनच गेलोय. मुलगी दीड वर्षाची असताना चमचा दिसला की ओठ घट्ट मिटायची, भरवलेला घास कितीतरी वेळ गालात धरून बसायची आणि मी मोबाईल दाखव, मागे पळ, रागाव असं सगळं करून शेवटी स्वतःच रडायचे. मग आम्हीही असंच ट्रेनिंग घेतलं, त्यात आमच्याच जेवणाचा व्हिडिओ बघायला लावला तेव्हा दिसलं की तिने मान फिरवली की मी चमचा आणखी पुढे नेतेय!

एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञांचा नियम तिथेच कळला, काय, कधी, कुठे द्यायचं ते आईबाबांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती ते मुलाने. पहिल्या वर्षानंतर वाढीचा वेग मंदावतो म्हणून भूकही कमी होते, हे तर आधी कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मुलाने नवीन पदार्थ खायला लागावं तर तो 8-10 वेळा, कधी 15 वेळासुद्धा समोर यावा लागतो.

पण वजन घटत असेल किंवा गिळताना सारखा ठसका लागत असेल तर नुसत्या ट्रेनिंगवर विसंबून राहू नका, आधी डॉक्टरांना दाखवा प्लीज.

परवा तिने माझ्या ताटातला भाजीचा तुकडा स्वतःहून उचलला, चाटला, परत ठेवला. मी काहीच बोलले नाही.