मिझुरीत कारण बहुपत्नीत्व नव्हतं

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातून मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांना हाकललं ते बहुपत्नीत्वामुळे, असं एका लेखात म्हटलंय; ते विधान चूक आहे. ती प्रथा त्यांनी जाहीरपणे मान्य केली १८५२ मध्ये, युटात गेल्यावर. मिझुरीतल्या जॅक्सन काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) जमावाने त्यांचा छापखाना मोडला १८३३ मध्ये! तिथे भांडण होतं जमिनीचं, एकगठ्ठा मतांचं आणि गुलामगिरीचं. स्वतंत्र कृष्णवर्णीयांना हे लोक राज्यात बोलावतायत, असा शेजाऱ्यांचा संशय होता.

१८३८ मध्ये मिझुरीतल्याच गॅलटिन गावात मतदानाच्याच दिवशी मॉर्मन आणि स्थानिकांत हाणामारी झाली. पुढे मॉर्मनांनीही डेव्हिस काउंटीत घरं जाळली, हेसुद्धा लेखात लिहायला हवं होतं. पण २७ ऑक्टोबरला राज्याचा गव्हर्नर बॉग्जने मॉर्मनांचा संहार करा किंवा राज्याबाहेर घालवा असा हुकूम काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर हल्ला होऊन १७ जण मारले गेले, त्यात दहा वर्षांचा एक मुलगा. तो हुकूम रद्द व्हायला १९७६ उजाडलं.