मूतखड्याच्या लेझरने मूल होणं थांबत नाही

उन्हाळा लागला की बडोद्यातल्या मराठी घरांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पथरीवर धक्क्याचं मशीन किंवा लेझर घेतलं की पुरुषाचे शुक्राणू मरतात, पुढे मूल होत नाही. त्यापेक्षा दूध-टोमॅटो बंद करा, बीअर प्या, पानफुटीची पानं खा, खडा विरघळून जाईल.

दांडिया बाजारात काय नि रावपुऱ्यात काय, लग्नाचा मुलगा घरात असला की हे चटकन पटतं. सोनोग्राफीत नऊ मिलिमीटरचा खडा दिसतो आणि वडीलधारी म्हणतात, "लग्न होऊन जाऊ दे, मग बघू." या "मग बघू"पायी किडनी जाऊ शकते. मला या मजकुराचा राग येतो तो त्यासाठी.

धक्क्याच्या मशीनपासून सुरुवात करू. शरीराबाहेरून लहरी सोडून खडा फोडण्याचा उपचार रुग्णावर पहिल्यांदा झाला तो १९८० साली, म्युनिकमध्ये, ख्रिस्तियान शॉसी यांच्या हातून. लहरी एका बिंदूवर एकवटतात आणि तो बिंदू खड्यावर धरलेला असतो. किडनी बरगड्यांखाली पाठीच्या बाजूला, वृषणं कितीतरी खाली. किडनीतला खडा फोडताना त्यांचा संबंधच येत नाही.

प्रश्न विचारण्याजोगा आहे तो मूत्रवाहिनीच्या, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीच्या, खालच्या टोकाला, मूत्राशयाजवळ अडकलेल्या खड्याबाबत. तिथून वीर्यकोश जवळ असतात. संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेऊन उपचाराआधी आणि नंतर वीर्य तपासलं. काही पुरुषांच्या वीर्यात रक्त दिसलं, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी झाली, आणि साधारण तीन महिन्यांत सगळं पूर्ववत झालं. शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिने हा हिशेब बरोबर जुळतो. उपचारानंतर आठवड्याभरात काढलेला रिपोर्ट कुणाला दाखवला तर तो घाबरणारच. मुलाचा विचार चालू असेल तर तपासणी तीन महिन्यांनी करा.

लेझरचं भय आणखी निराधार आहे. लेझर खड्यापर्यंत नेणारी दुर्बीण लघवीच्या मार्गानेच आत जाते, कुठे चीर नसते. खडे फोडायला वापरतात त्या होल्मियम लेझरची ऊर्जा पाण्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आत शोषली जाते. ताठरतेच्या नसा प्रोस्टेटच्या बाहेरून जातात, दुर्बीण जाते मूत्रमार्गाच्या आतून. जंतुसंसर्ग, रक्त जाणं, क्वचित मूत्रमार्ग आकसणं हे धोके आहेत आणि ते डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावेत. ऑपरेशननंतर मूत्रवाहिनीत ठेवलेला स्टेंट, म्हणजे बारीक नळी, मात्र त्रास देतो: सारखी लघवीला लागते, कंबर दुखते, संबंधाच्या वेळी वेदना होतात, इच्छाही मावळते. स्टेंट काढला की हे ओसरतं. तो काढायची तारीख कागदावर लिहून घ्या, कारण आत विसरलेल्या स्टेंटवरच खडे चढतात.

या अफवेत खऱ्याचा एक अंश आहे, आणि तो गोळीत आहे. खडा खाली सरकावा म्हणून टॅमसुलोसिन नावाची गोळी देतात. ती मूत्रवाहिनीचे स्नायू सैल करते, तशी मूत्राशयाच्या तोंडाचेही करते. त्यामुळे काही पुरुषांना स्खलनाच्या वेळी वीर्य फार कमी येतं किंवा येतच नाही. गोळी बंद केली की पूर्ववत होतं. पण पंचविशीतल्या मुलाला हे कुणी आधी सांगितलं नसेल तर तो काय समजेल? "माझं पुरुषत्व गेलं", हेच. लाजेने तो डॉक्टरांकडे बोलत नाही, मित्राकडे बोलतो, आणि दोष लेझरच्या माथी जातो. चिठ्ठी लिहिताना दोन वाक्यं सांगितली असती तर ही अफवा इतकी पसरली नसती, असं मला ठाम वाटतं.

आता बीअरचं. गुजरातेत दारूबंदी आहे, तरी हा सल्ला इथेही फिरतो. बीअरने लघवी वाढते, नंतर शरीर कोरडं पडतं आणि युरिक ॲसिड वाढतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते बीअरने विरघळत नाहीत. औषधाने विरघळवता येतात ते प्रामुख्याने युरिक ॲसिडचे.

दूध बंद करण्याचा सल्ला तर उलटा आहे. २००२ साली इटलीतल्या एका चाचणीत वारंवार खडे होणाऱ्या १२० पुरुषांपैकी निम्म्यांना कमी कॅल्शियमचा आहार दिला, निम्म्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांस कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात १२ जणांना. जेवणातलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं, मग ते लघवीत कमी उतरतं. टोमॅटोत ऑक्झलेट थोडंच असतं, पालक आणि अळूत भरपूर. तेव्हा अळूवडी बेताने खा आणि जेवणात ताक असू द्या, त्यात मीठ मात्र कमी.

पानफुटीने खडा पडल्याचे अनुभव लोक मनापासून सांगतात. पण पाच मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे दोन-तृतीयांश लोकांत आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरचे साधारण निम्म्या लोकांत. श्रेय त्या दिवशी जे पोटात असेल त्याला मिळतं. भरपूर पाणी पिण्याने मात्र पुन्हा खडा होण्याची शक्यता खरोखर घटते.

भीती वाटते ती थांबलेल्या कळेची. कळ थांबली म्हणजे खडा पडला असं नव्हे. तो वाट अडवून गप्प बसू शकतो, आणि पूर्ण अडथळा काही आठवडे राहिला तर किडनीचं गेलेलं काम पुरतं परत येत नाही. म्हणून पुन्हा सोनोग्राफी करून खडा गेल्याची खात्री करा. अहमदाबादच्या वाटेवर नडियादला १९७८ पासून मुलजीभाई पटेल युरॉलॉजिकल हॉस्पिटल आहे. दुसरं मत घ्यायला फार लांब जावं लागत नाही. आणि खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला, तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. तिथे आधी स्टेंट किंवा पाठीतून नळी घालून अडलेली लघवी मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात.