घराचा विमा, पण पायाचं काय?

आज सकाळी बेळगावातच आत्याकडं गेलतो, डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय, लांबलं तर लांबू दे.

जोत्यापासनं खिडकीपर्यंत तिरका तडा, माझं बोट आत जातंय. आणि टीव्हीवर ठेवलेलं विमा कंपनीचं पत्र, क्लेम नामंजूर. का तर म्हणे पाया खचला तो शेजारच्या खोदकामामुळं, ते पॉलिसीत बसत नाही. गेल्या पावसाळ्यात शेजाऱ्यानं बेसमेंटसाठी हिच्या भिंतीला लागून जेसीबी लावला, यात आत्याचं काय चुकलं वो?

पॉलिसी भारत गृह रक्षा, १ एप्रिल २०२१ पासनं घराचा विमा विकणाऱ्या कंपन्यांना ठेवायला लावलेली ठरावीक पॉलिसी. आग, भूकंप, पूर, वादळ, दरड, घराखालची जमीन खचणं, सगळं कव्हर. झकास! आता खालच्या ओळी वाचा की. नवीन बांधकाम बसताना पडलेल्या भेगा, नाही. भरावाची जमीन खचली, नाही. नदीनं काठ खाल्ला, नाही. डिझाइन चुकलं, माल हलका, खोदकाम, नाही नाही नाही. मग आपल्याकडं पाया दुसऱ्या कशानं जातो सांगा? काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि शहराच्या कडेला भाताच्या शेतात मुरूम ओतून प्लॉट पाडलेत ते बघतोयच आपण.

बरं, २०१९ सारखा पूर घरात शिरून पाया गेला असता तर पैसे मिळाले असते, मान्य. प्रत्येक भेगेचे पैसे कोण देणार, तेबी कळतंय. पण मामा, म्हणजे आत्याचे मालक, गेल्यावर राहिलेलं कर्ज फेडतीय ती बाई, लोनच्या फायलीत ही पॉलिसी घालताना "घर सेफ झालं बघा काकी" म्हणणाऱ्याला खोदकामाचं हे एक वाक्य सांगायला काय झालं होतं?

कंपनीकडनं नुकसान बघायला आलेला सर्व्हेअर पोरगा वाईट नव्हता म्हणे, आत्यानं चहा दिला तर तो खाली मान घालूनच प्याला. त्याच्यावर राग नाही माझा.

राग शेजाऱ्यावर आहे. भिंतीला आधार न देता खड्डा मारतोस आणि वर "तुमचा विमा आहे की" म्हणतोस? नोटीस पाठवूया म्हटलं तर आत्या म्हणते, रोज तोंड बघायचंय रे त्याचं. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडं जाऊया म्हटलं, फी नाही, आधी कंपनीकडं लेखी तक्रार करायची, त्यांनी परत नाही म्हटलं की वर्षाच्या आत अर्ज. एवढ्याला तयार झालीय कशीबशी. खोदकामाची अट तिथंपण काढतील, माहितीय, तरी देणारच.

तोवर बेळगावातला कुणी खात्रीचा स्ट्रक्चरल इंजिनिअर असला तर नंबर इनबॉक्स करा, पुढच्या पावसाआधी पाया बघून घ्यायचाय. शेजाऱ्याच्या ओळखीचा नको.