बुटातलं पातं

आमच्या माहेरच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर एका जावेवरून जुंपली आहे. जाऊ खरी नव्हे, मालिकेतली. धाकटीच्या डोहाळजेवणात खिरीत काहीतरी कालवणारी. साताऱ्याच्या मावशीचं म्हणणं, ह्या मालिकावाल्यांनी बायकांची बदनामी मांडली आहे. बाई दिसली की तिच्या हाती कारस्थान द्यायचं. पुण्याच्या भाच्याची तक्रार वेगळी. खलनायिका असाव्यात, पण आपल्या अजून ओट्यापाशीच घुटमळतायत. "आजी, बाहेरचे सिनेमे बघ. बायका गोळ्या झाडतात, टोळ्या चालवतात." आणि मी बर्लिनला असते म्हणून पंच मी. भाचा मला विचारतो, "मावशी, तू सांग, तिकडे कसं आहे?"

अठरा वर्षं झाली, तरी माझा पत्ता 'तिकडे'च.

तर तिकडची हकीकत. फ्रीडरिशश्ट्रासे स्टेशनावर उतरून श्प्रे नदीचा पूल ओलांडला की जर्मन नाटककार ब्रेख्टचं नाटकघर लागतं. पुलंनी ज्याचा 'तीन पैशाचा तमाशा' केला आणि 1978 साली जब्बार पटेलांनी जो रंगमंचावर आणला, त्या मूळ नाटकाचा पहिला प्रयोग 1928 च्या ऑगस्टमध्ये इथेच झाला. त्यात वेश्या जेनीचं काम करणारी लोटे लेन्या ही नाटकाचा संगीतकार कुर्ट वाइल ह्याची बायको, आणि पहिल्या प्रयोगाच्या छापील पत्रकात नेमकं तिचंच नाव राहून गेलं होतं. (नवरा भडकला, तिनं प्रयोग केला.) 1931 च्या चित्रपटात तिनं त्या नाटकातलं समुद्री चाच्यांच्या जेनीचं गाणं म्हटलं. कळकट हॉटेलातली मोलकरीण पेले विसळते, बिछाने घालते आणि मनात म्हणते, थांबा, एक दिवस आठ शिडांचं, पन्नास तोफांचं जहाज बंदराला लागेल. गाव भुईसपाट होईल. चाचे मला विचारतील, कुणाला मारायचं? ती म्हणणार, सगळ्यांना.

मी ऐकलेल्या गाण्यांतली सगळ्यांत धोकादायक बाई हीच. तिच्या हातात फक्त फडकं आहे.

नाझी आले, लेन्या देश सोडून गेली. त्या गाण्यानंतर बत्तीस वर्षांनी, 1963 मध्ये, ती दुसऱ्या जेम्स बाँडपटात दिसली: रोझा क्लेब, सोविएत कर्नल, आता गुन्हेगारांच्या टोळीत. आखूड केस, अंगावर गणवेश, मारेकऱ्याची पारख करायला त्याच्या पोटात लोखंडी मुठीचा गुद्दा. आणि शेवटी व्हेनिसच्या हॉटेलात बाँडच्या खोलीत ती शिरते ती कुठल्या वेशात? खोली आवरणाऱ्या बाईच्या. बुटाच्या टोकातून विषारी पातं बाहेर येतं आणि साठी उलटलेली ती बाई लाथा झाडत सुटते. जहाज काही आलं नव्हतं, मग तिचं तीच आली, असं मला प्रत्येक वेळी वाटतं. माझी मुलगी म्हणते, आई, तू उगाच जोडतेस. असेल.

पण भाच्याला सांगायचं ते पुढेच आहे. त्या काळच्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला रोझा क्लेबची भीती का वाटायची? तिच्या बुटातलं पातं तर अगदी शेवटी येतं. त्याआधीचा तास-दीड तास तिचं भयानकपण कशात आहे? तिला नवरा नाही, ती नटत नाही, पुरुषांना हुकूम सोडते, आणि तरुण पोरीच्या गुडघ्यावर हात ठेवते. ज्या पश्चिम जर्मनीत हा सिनेमा लागला, तिथे 1977 पर्यंत कायद्यात लिहिलेलं होतं की बाईनं नोकरी करावी ती संसाराच्या कर्तव्यांना बाधा न आणता. बर्लिनच्या भिंतीपलीकडच्या गणवेशातल्या बायका म्हणजे अलीकडच्यांना आपोआपच खलनायिका. कायदा गेला, शब्द उरला आहे: 'राबेनमुटर', म्हणजे कावळीण आई, पिल्लं टाकून जाणारी. मुलगी वर्षाची असताना मी कामावर परतले, तेव्हा शेजारच्या एका काकूंनी हसत हसत तो मला शिकवला होता. मी भाषेच्या वहीत लिहूनही घेतला, अर्थ नंतर कळला. म्हणून "तिकडे कसं आहे" म्हटलं की माझी जीभ जरा अडखळते.

पुढच्या बाँडपटांतल्या बायकांचं हत्यार बरेचदा बिछान्यातच असायचं. 1964 च्या सिनेमातली वैमानिक बाँडच्या मिठीत येते आणि लगेच सुधारते. पुढच्याच वर्षी फिओना व्होल्पे त्याला तोंडावर सुनावते की तुझ्यापाशी निजलं की बायकांना देवदूतांची गाणी ऐकू येतात म्हणे, मला नाही आली. टाळ्या द्याव्यात असं वाक्य. थोड्याच वेळात नाचता नाचता तिच्याच माणसाची गोळी तिला लागते. 1995 ची झेनिया मांड्यांत आवळून माणसं मारते. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

1999 ची इलेक्ट्रा किंग मात्र मावशीला दाखवायला हवी. तेलवाल्याची मुलगी, पळवून नेलेली. बापानं खंडणी दिली नाही. तेल मुळात आईच्या माहेरचं, बापानं बळकावलेलं. म्हणून ती बापाला मारते आणि सगळ्या तेलवाहिनीवर स्वतःची सत्ता आणायला निघते. मावशी, हा तुझ्या मालिकेतलाच वाटणीचा तंटा आहे गं. खिरीच्या जागी इस्तंबूलची सामुद्रधुनी आणि विषाच्या जागी अणुपाणबुडी, एवढाच फरक. आणि आपली जाऊ आठशे भाग रोज जिंकते. इलेक्ट्राला बाँड सव्वादोन तासांच्या आत गोळी घालतो.

रोज जिंकते, पण का जिंकते हे कुणी सांगत नाही, इथे मात्र मी मावशीच्या बाजूची. त्या जावेला मोठ्या कुंकवाखेरीज काही दिलेलं नाही. ती वाईट आहे कारण ती वाईट आहे. ललिता पवारांना बघा. मूळच्या येवल्याच्या. 1931 च्या 'दिलेर जिगर' ह्या मूक मारधाडपटाच्या त्या नायिका, म्हणजे भाच्याला हवी ती बाई आपल्याकडे तेव्हाच होती. 1942 मध्ये चित्रीकरणात बसलेल्या थपडेनं त्यांचा डोळा कायमचा बारीक झाला, नायिकापण संपलं, आणि त्याच डोळ्यानं त्यांनी पुढची कित्येक दशकं सुनांना घाबरवलं. रामायणातली त्यांची मंथरा आठवते? तिचं कपट दिसतं, आणि कैकेयीला लहानपणापासून सांभाळलेल्या दासीची माया नि पोटातली धास्तीसुद्धा दिसते. हेलिकॉप्टर लागलं नाही.

भाच्याला मी शेवटी एकच सिनेमा बघायला सांगितला, आंग लीचा 2000 सालचा, तलवारीचा, 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'. त्यातली जेड फॉक्स चंग पे-पेनं केली आहे. 1966 मध्ये हीच हाँगकाँगच्या सिनेमाची तलवारवाली नायिका होती. म्हातारी जेड फॉक्स वर्षानुवर्षं एका अधिकाऱ्याच्या घरी मुलीची दाई बनून लपलेली. तिनं वुदांग ह्या तलवारबाजांच्या पंथाच्या गुरूला मारलं आणि पोथी चोरली. का, ते ती तोंडानं सांगते: गुरूला ती शेजेला चालत होती, शिष्या म्हणून चालत नव्हती. बरं, चोरलेली पोथी तिला वाचता येत नाही. ती चित्रं बघून शिकली. मजकूर वाचला तो तिनं वाढवलेल्या पोरीनं, आणि त्या पोरीनं तो तिच्यापासून लपवला. ही गोष्ट कळते त्या क्षणी म्हातारीच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलं आहे. मरताना तिला विष म्हणून आठवते तीच आठ वर्षांची मुलगी.

भाच्यानं अंगठा पाठवला. सिनेमा बघितला असेल असं वाटत नाही.

मावशीनं मात्र बघितला, नातसुनेकडून मोबाइलवर लावून घेऊन, खालची इंग्रजी अक्षरं तिच्याकडून वाचून घेत. रात्री साडेअकराला, म्हणजे तिकडचे पहाटेचे तीन, तिचा आवाजी निरोप आला. आधी दोन मिनिटं पावसाचं आणि गुडघ्यांचं. मग म्हणाली, "अगं, त्या मेल्या गुरूला तिला शिकवायला काय झालं होतं?"