शिक्षा झाली नाही म्हणजे तक्रार खोटी?

सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, सकाळी नागपुरातल्या फुटाळा तलावावर फिरणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेसमध्ये, म्हणजे अनुसूचित जाती-जमातींवरच्या अत्याचाराच्या खटल्यांत, पाऊण आरोपी सुटतात, म्हणजे तेवढ्या तक्रारी खोट्या. नुसतं नाव घेतलं की माणूस आत जातो. मानवी हक्क आयोग म्हणजे दात नसलेला वाघ, आणि तो असतो गुन्हेगारांसाठी. गरिबाला तक्रार परवडत नाही, करतात ते पैसे काढायला करतात. आणि घर कुणाला भाड्याने द्यायचं ते मालक ठरवेल, त्यात भेदभाव कसला?

मला तो पाठवणाऱ्यांत एक निवृत्त मुख्याध्यापकही आहेत, सज्जन माणूस. ग्रुपवर उत्तर देऊन उपयोग नसतो, तिथे दुसऱ्या मिनिटाला कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो. म्हणून इथे लिहितोय. मी वकील नाही. सिव्हिल लाइन्समधल्या न्यायालयांभोवती लोकांचे अर्ज लिहून देण्यात, कागद लावून देण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत.

‘पाऊण आरोपी सुटतात, म्हणजे पाऊण केसेस खोट्या’

आकडा हवेतला नाही. २०१५ या एका वर्षात देशातल्या न्यायालयांनी अशी १५,६३८ प्रकरणं निकाली काढली. ११,०२४ मध्ये आरोपी निर्दोष किंवा दोषमुक्त झाले, ४९५ मागे घेतली गेली, ४,११९ मध्ये शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मार्च २०१८ च्या सुभाष महाजन निकालात हे नोंदलेलं आहे, मेसेजात ते तिथूनच उतरलं असावं. पण त्याच निकालात शेजारी आणखी एक आकडा आहे, तो मात्र उतरला नाही : २०१६ मध्ये पोलिसांनी तपास करून ‘खोटी’ ठरवलेली प्रकरणं. अनुसूचित जातींची ५,३४७ आणि जमातींची ९१२. त्या वर्षी एकट्या अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे चाळीस हजारांहून जास्त गुन्हे नोंदले गेले होते. खोटी तक्रार कुणी करतच नाही असं मी म्हणणार नाही, मी स्वतः काही अर्ज लिहायला नकार दिलेला आहे. पण ‘खोटी’चा रकाना वेगळा आणि ‘सुटला’चा वेगळा. मेसेज लिहिणाऱ्याने दोन्हींची बेरीज केली नाही, एक दुसऱ्याच्या नावावर खपवला.

२०१८ च्या त्या निकालाने गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी आणि अटकेआधी परवानगी असे निर्देश दिले होते, ते सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच १ ऑक्टोबर २०१९ ला मागे घेतले. एखाद्या जातीचे लोक म्हणजे कायद्याचा गैरवापर करणारे, असं धरून चालता येणार नाही आणि आरोपी सुटण्यामागे सदोष तपासासारखी कारणंही असतात, असं त्या पुनर्विलोकनात म्हटलं आहे. हा निकाल कुणी पुढे पाठवत नाही.

आता खैरलांजी आठवा. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातलं, मोहाडी तालुक्यातलं गाव. २९ सप्टेंबर २००६ ला दलित भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारून टाकलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरलं, सहांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. जुलै २०१० मध्ये इथल्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून शिक्षा २५ वर्षांच्या कैदेवर आणली. आणि अ‍ॅट्रॉसिटीचं कलम? ते खालच्या न्यायालयातही लागलं नाही, वरच्याही नाही. हत्या सूडातून झाल्या, जातीमुळे नव्हे, असं ठरलं. चार प्रेतं, आठ दोषी, आणि अ‍ॅट्रॉसिटी ‘सिद्ध नाही’. मेसेजच्या हिशोबात ही तक्रार कुठे बसवायची ते मुख्याध्यापकांनीच सांगावं.

मग केसेस पडतात कशाने? बहुतेक वेळा पहिल्याच कागदाने. फिर्यादीत लिहिलेलं असतं, ‘जातिवाचक शिवीगाळ केली’. नेमके शब्द कोणते, ते नाही. फिर्यादीला ते उच्चारायची लाज वाटते आणि लिहून घेणाऱ्याला कंटाळा. कोर्टात बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. दुसरं, जागा. अपमान लोकांच्या नजरेसमोर झाला पाहिजे ही कायद्याचीच अट आहे. नोव्हेंबर २०२० च्या हितेश वर्मा निकालात घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणी हजर नसताना काढलेले उद्गार त्यात बसले नाहीत. म्हणून ‘मला घरात घुसून बोलले’ एवढंच लिहून चालत नाही. दार उघडं होतं का, जिन्यात कोण उभं होतं, दूधवाला आला होता का, हे यावं लागतं. विचारलं की लोक सांगतात हो! विचारतच नाहीत. तिसरं, तपास करणारा कोण. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतल्या नियम ७ प्रमाणे तो पोलीस उपअधीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा नसावा. बब्बू राठोड प्रकरणात तपास खालच्या अधिकाऱ्याने केला म्हणून अ‍ॅट्रॉसिटीचा भाग पडला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मात्र दंडसंहितेखालचा खटला चालू ठेवायला सांगितलं. तिथे फिर्यादी काय खोटं बोलला होता?

आणि साक्षीदार. दोन-चार वर्षांनी समन्स येतं तेव्हा तो त्याच मालकाकडे कामाला असतो, त्याच गावात त्याची दोन एकर असते. फितूर होतो. मी त्याला फारसा दोष देत नाही. २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आणून पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क दिला, पण तो मागावा लागतो हे किती जणांना माहीत असतं?

सिद्ध न होणं आणि खोटं असणं यांतला हा फरक संसदेने एका कायद्यात चक्क लिहूनच ठेवला आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा, कलम १४ : केवळ तक्रार सिद्ध करता आली नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही एवढ्यावरून तक्रारदार बाईवर कारवाई व्हायलाच हवी असं नाही, दुष्ट हेतू चौकशीत वेगळा सिद्ध व्हावा लागतो.

‘नाव घेतलं की अटक’

गुन्हा नोंदवणं आणि अटक करणं या दोन गोष्टी आहेत. २०१८ च्या कलम १८अ प्रमाणे गुन्हा नोंदवायला आधी प्राथमिक चौकशी लागत नाही, हे बरोबर. पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी याची कारणं पोलिसांना लेखी नोंदवावी लागतात, नाहीतर नोटीस देऊन बोलवायचं असतं. अपमान, शिवीगाळ या कलमांची कमाल शिक्षा पाच वर्षं आहे. शिवाय प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर अटकपूर्व जामिनावर या कायद्यात असलेली बंदी लागू होत नाही, असं फेब्रुवारी २०२० मध्ये पृथ्वीराज चौहान प्रकरणात ठरलेलं आहे. एवढं पुरे.

‘आयोगाला दात नाहीत, आणि तो गुन्हेगारांसाठी असतो’

दोन्ही आरोप एकाच वाक्यात करायलाही धाडस लागतं. ज्याला दातच नाहीत तो गुन्हेगारांना वाचवतो कसा?

पहिल्या अर्ध्यात तथ्य आहे. १९९३ च्या कायद्याने आयोगाला साक्षीदार बोलवायचे, कागद मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार दिले, पण शेवटी तो शिफारस करतो : भरपाई द्या, खटला भरा. सरकारने महिन्याच्या आत काय केलं ते कळवायचं असतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये या शिफारशी सरकारवर बंधनकारक ठरवल्या, पण तो निकाल तिकडचा. आपला राज्य आयोग मुंबईला, नागपूरहून रेल्वेने आठशेवर किलोमीटर. तरी तक्रार पोस्टाने जाते, मराठीत चालते, फी नाही, आणि पीडिताच्या वतीने दुसरं कुणीही ती करू शकतं. अडचण वेगळीच होते. लोक आधी चार ठिकाणी हेलपाटे घालतात आणि वर्ष उलटल्यावर आयोगाकडे वळतात. कलम ३६ प्रमाणे वर्षापेक्षा जुनी घटना आयोगाला घेता येत नाही. मी पाहिलेल्या कितीतरी चांगल्या तक्रारी या एका तारखेने मेल्या.

दुसरं अर्धं मात्र साफ चूक. शेजाऱ्याने, मालकाने, गुंडाने त्रास दिला तर आयोगाकडे थेट जाता येत नाही. आयोग बघतो लोकसेवकाला : त्याने हक्क तुडवला का, किंवा दुसरा तुडवत असताना तो रोखण्यात हयगय केली का. ही ‘हयगय’ कलम १२ मध्येच आहे, आणि नागपूरकराला ती समजावून सांगायची गरज पडू नये.

१३ ऑगस्ट २००४. अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावाने इथल्या जिल्हा न्यायालयात, भर दुपारी ठार केलं. कस्तुरबा नगरातल्या बाया सांगत होत्या की त्याने वर्षानुवर्षं वस्तीत बलात्कार केले, खंडणी उकळली, आणि पोलिसांकडे गेलं की पोलीस हाकलून द्यायचे. त्या हत्येचं समर्थन मी करत नाही, मरणाऱ्यालाही खटल्याचा हक्क होता. पण मानवी हक्क इथे कुणाचे बुडाले होते? आधी त्या बायांचे, तेही ठाण्याच्या टेबलावर. ‘लोकसेवकाची हयगय’ ही कायद्याची भाषा ज्याच्यासाठी आहे, ते हेच. आणखी एक. त्या हत्येच्या खटल्यातले आरोपी २०१४ मध्ये पुराव्याअभावी सुटले. मेसेजचं गणित इथे लावून पाहा : आरोपी सुटले, म्हणजे खून झालाच नाही!

‘गरिबाला परवडत नाही, आणि करतात ते पैशासाठी’

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२ : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, कोठडीतला माणूस यांना उत्पन्न न बघता मोफत वकील. जिल्हा प्राधिकरणाचं कार्यालय प्रत्येक जिल्ह्यात असतं, फोन १५१००. अत्याचाराच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते, कुणी ‘झेरॉक्सचे द्या’ म्हटलं तर हसून नाही म्हणा. पैशाचं म्हणाल तर जातिवाचक अपमानाच्या गुन्ह्यात २०१६ च्या नियमांप्रमाणे पीडिताला सरकारकडून मिळणारी मदत एक लाख रुपये, तीही टप्प्याटप्प्याने. त्यासाठी रोजी बुडवून तारखांना उभं राहून दाखवा जी.

‘घर माझं, भाडेकरू मी ठरवणार’

मेसेजातला सगळ्यात मजबूत मुद्दा हाच, आणि तो मजबूत आहे कारण कायदा इथे पातळ आहे. संविधानाच्या १५(२) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते आहेत, खाजगी फ्लॅट नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशांच्या एका गृहनिर्माण संस्थेचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा नियम मान्य केला. त्यामुळे मनीष नगरात किंवा त्रिमूर्ती नगरात दलाल ‘पूर्ण नाव सांगा’ म्हणतो, आडनाव ऐकतो आणि फ्लॅट ‘आत्ताच गेला’ म्हणतो, तेव्हा एकट्या मालकाला कोर्टात खेचणं कठीण असतं. पण कठीण म्हणजे भेदभाव नाही, असं थोडंच? अर्ज लिहून घ्यायला आलेल्या पोरीला, बँकेत नोकरी असताना, तीन दलालांनी तेच उत्तर दिलेलं असतं, आणि तिला ते काय आहे ते नीट कळतं.

नकार एकट्याचा नसून ठरवून असेल तेव्हा चित्र बदलतं. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबावर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, नुसती त्याची धमकी देणंसुद्धा, २०१५ च्या दुरुस्तीपासून अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा जात पंचायतींमुळे आला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. आता हाऊसिंग सोसायटीच्या कमिटीने ‘अमुक लोकांना देऊ नका’ असं ठरवलं असेल, तर ते बहुधा इतिवृत्तात आडवळणाने का होईना उमटतं. ते भाडेकरूच्या हाती लागत नाही. पण सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला इतिवृत्त पाहायचा आणि फी भरून प्रत घ्यायचा हक्क आहे. ‘माझी काही हरकत नाही हो, कमिटीच ऐकत नाही’ असं सांगणारा मालक सभासदच असतो. त्याने एक अर्ज करून ती प्रत काढावी आणि ज्याला घर नाकारलं त्याच्या हातात द्यावी.