‘अस्तित्व’, कलम ४९७ आणि घरोघरी फिरणारी एक थाप

व्हॉट्सअॅपवरचा तो लांबलचक संदेश मावशीने वाचला आणि नवऱ्याच्या बाहेरच्या प्रकरणाने पिचलेल्या आपल्या मुलीला सांगितलं, “आता कायदाच राहिला नाही, निमूट सोस.” तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. संदेशाचं म्हणणं असं: ‘अस्तित्व’सारख्या सिनेमांनी बायका बिघडवल्या, घटस्फोट वाढवले, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने व्यभिचाराला मोकळीक दिली, त्यामुळे दाद मागायची सोय उरली नाही, आणि आपल्याकडे पूर्वी असलं काही नव्हतंच.

आधी कोर्टाचं, कारण यानेच माणसं घाबरून गप्प बसतात. २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दंड संहितेचं कलम ४९७ रद्द केलं. गेली ती फौजदारी शिक्षा. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं, हे त्याच निकालात लिहिलेलं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये ते कारण आजही जसंच्या तसं आहे, नवऱ्यासाठीही आणि बायकोसाठीही. १९७६ च्या दुरुस्तीनंतर तर लग्नानंतरचा एकच संबंध सिद्ध झाला तरी पुरतो.

आणि ज्या कलमासाठी हा संदेश गळा काढतो, ते काय होतं? दुसऱ्याच्या बायकोशी तिच्या नवऱ्याच्या संमतीवाचून संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद. नवऱ्याची संमती असली की गुन्हाच नाही! बाई कुमारिका किंवा विधवा असली तरीही गुन्हा नाही. तक्रारीचा हक्क त्या बाईच्या नवऱ्याला. फसवल्या गेलेल्या बायकोला मुळीच नाही. म्हणजे माझ्या मावसबहिणीच्या हातात ते कलम कधी नव्हतंच. जे तिला कधी मिळालंच नाही ते गेलं म्हणून तिने सोसायचं, हा कुठला न्याय? १९८५ मध्ये न्या. यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने हेच कलम वैध ठरवलं होतं, आणि २०१८ मध्ये ते रद्द करणाऱ्यांत त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड होते. बापलेकांच्या मधल्या तेहतीस वर्षांत बायकोकडे बघायची कायद्याची नजर बदलली, ती बदलायलाच हवी होती.

आता सिनेमा. महेश मांजरेकरांचा ‘अस्तित्व’ २००० सालचा. संदेश लिहिणाऱ्याने तो पाहिलेला नाही, अशी माझी खात्री आहे. सतत फिरतीवर असणारा नवरा, नोकरी करू न दिलेली अदिती, घरी शिकवायला येणारा गाण्याचा मास्तर. दिवस गेल्यावर ती नवऱ्याला खरं सांगू पाहते; तो बाप होण्याच्या आनंदात ऐकूनच घेत नाही. पुढे मास्तरच्या मृत्युपत्रातून सगळं उघड होतं आणि तिला जाब द्यावा लागतो. पोटचा मुलगासुद्धा तिच्याकडून उभा राहत नाही. शेवटी ती घर सोडते. यात कुणाला मजा दिसली? एकटं पडलेल्या बाईचं मन दाखवणं म्हणजे तिला फूस लावणं नव्हे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने. सगळेच सिनेमे इतके प्रामाणिक नसतात. बऱ्याच ठिकाणी मोहाला पाऊस, गाणी आणि सुंदर साडी मिळते, आणि घरी वाट बघणाऱ्या जोडीदाराला दोन प्रसंगही मिळत नाहीत. हा आक्षेप खरा आहे. पण तो पटकथेवरचा आहे, घटस्फोटांचं खापर त्यावर फोडता येत नाही. संदेशात त्यासाठी एक आकडा नाही, एक आधार नाही.

राहिलं ‘पूर्वी नव्हतं’. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली, महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथा सप्तशती’ उघडा. परगावी गेलेल्या नवऱ्यांच्या बायका, त्यांचे चोरटे संकेत, शेजारणींची कुजबूज, सगळं तिथे आहे, आणि तेव्हा पडदा नव्हता की थिएटर नव्हतं.